मोटरसायकलवर मावणारा फ्लाय-बांधणीचा संच: भुसावळच्या एका गळवाल्याचं प्रकरण

माझे मावसभाऊ भुसावळला रेल्वेत नोकरीला आहेत. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, इथंही तेच म्हणतो. खानदेशात गळ टाकणारे पुष्कळ आहेत, पण ते पिठाची गोळी लावतात नाहीतर गांडूळ. फ्लायनं मासे धरणारे फार थोडे. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, लोकर दोऱ्यानं बांधून केलेलं खोटं खाद्य: कधी किडा, कधी बेडूक, कधी माशाचं पिल्लू. ती इतकी हलकी असते की स्वतःच्या वजनानं लांब जातच नाही. म्हणून या प्रकारात जाड, वजनदार दोरी फेकतात आणि तिच्यामागे फ्लाय जाते. फ्लाय विकतही मिळतात, पण जळगाव-भुसावळच्या बाजारात नाही. त्या मागवाव्या लागतात, आणि बऱ्याचशा थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी बांधलेल्या असतात. आपल्या मरळीला त्यांचं काय! म्हणून दादा स्वतः बांधतात, आणि सफरीवरही बांधता यावं असा त्यांचा आग्रह असतो.

हे प्रकरण होळीनंतरच्या एका सफरीचं आहे. दोन मुक्काम, दोन पाणी. पहिलं चांगदेवजवळचं, जिथं पूर्णा तापीला मिळते आणि हतनूर धरणाचा फुगवटा पसरलेला असतो. दुसरं रावेरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला एक पाझर तलाव. जाणं मोटरसायकलवर, मुक्काम ओळखीच्यांच्या शेतात. रॉड चार तुकड्यांचा, तो पाठीला. कपडे, पाणी, डबा धरून फ्लाय-बांधणीसाठी उरली ती कॅनव्हासच्या पिशवीची एक बाजू.

जायच्या आधीची परवानगीची गोष्ट इथंच सांगून टाकतो. धरणा-तलावांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्यानं देतो आणि ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेच्या माणसाला भेटल्याशिवाय पाण्यात दोरी टाकायची नाही. दादांना दोन्हीकडे परवानगी मिळाली ती मासा धरून परत सोडण्याच्या अटीवर. वर यावल अभयारण्याची हद्द आहे, तिकडे गळ घेऊन फिरकायचंही नाही.

पहिली मांडणी कुठं अडली

दादांनी आधी सगळ्यांना सुचतं तेच केलं. घरच्या टेबलावर जे जे होतं, त्यातलं थोडं थोडं उचललं. बारा रंगांचे दोरे, सात-आठ प्रकारची पिसं, चमकीच्या पट्ट्या, चार तऱ्हेचे मणी, तीन कात्र्या. वाइस, म्हणजे गळ धरून ठेवणारा शिकंजा, होता जड बैठकीचा. ती बैठक एकटीच किलोभराची. पिशवी भरली, चेन लागेना. मी शेजारी बसून एकच विचारलं, "दादा, यातून एक मरळीची फ्लाय पूर्ण बांधून दाखवा." शेपटीचे केस निघाले, फोम निघाला, पण मोठ्या मापाचे गळ घरीच होते. दुसरी बांधायला घेतली तर गळ होते, डोळ्यांचे मणी नव्हते.

संच आखताना सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात असं मला वाटतं. सामानाच्या बाजूनं विचार केला की सगळं थोडं थोडं येतं आणि एकही गोष्ट पुरी होत नाही. उलट बाजूनं जावं लागतं: पाणी कुठलं, मासा कुठला, त्याच्यासाठी फ्लाय कुठली, तिला काय काय लागतं. आणि मुख्य म्हणजे सफरीच्या संचानं घरच्या टेबलाचं काम करायचंच नसतं. घरी निवांत बांधून होतं ते घरीच बांधून डबीत न्यावं. पिशवीतल्या सामानानं दोनच कामं करायची. बाभळीच्या बुडालेल्या खोडात अडकून तुटलेल्या फ्लायची जागा भरायची, आणि त्या पाण्यावर गेल्यावरच कळेल असं काही निघालं तर ते बांधून द्यायचं.

मग आम्ही पुन्हा शून्यापासून बसलो.

चार नमुने, दोन दोरे

फुगवट्यात मरळ आणि तिलापिया, तलावात रोहू, कटला, गवत्या आणि तिलापियाच. एवढ्यावर दादांनी चार नमुने ठरवले. मरळीसाठी फोमचा गर्गलर: पाठीवरून फोमची पट्टी, पुढे तिचीच छोटी ओठासारखी कड, ओढली की पाण्यावर गुरगुर करते. खोल पाण्यासाठी क्लाउझर मिनो. तिला जड डोळे गळाच्या दांड्याच्या वरच्या बाजूला बांधतात, त्यामुळे पाण्यात गळ उलटा फिरतो, टोक वर राहतं आणि तळाच्या खोडांत कमी अडकतं. जुन्या धरणांत झाडं पाण्याखाली गेलेली असतात, तिथं हा गुण लाखमोलाचा. तिसरी वूली बगर, मऊ पिसांची शेपूट आणि अंगाभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस, कुठलाही मासा घेईल अशी. चौथी बारीक निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लाची नक्कल, तिलापियासाठी.

चार नमुने ठरले तेव्हा खरी मजा आली, कारण एकच सामान दोन-दोन ठिकाणी चालायला लागलं. बकरीचे पांढरे आणि काळे केस गर्गलरच्या शेपटीला आणि क्लाउझरला. मऊ पीस बगरला आणि थोडं निम्फला. लोकर बगरच्या आणि निम्फच्या अंगाला. रंग तीनच: काळा, पांढरा, शेवाळी. गढूळ पाण्यात माशाला आकृती दिसते, छटा दिसत नाहीत, म्हणून काळा आधी.

दोऱ्याचं जरा नीट सांगतो. फ्लायचा दोरा डेनियरमध्ये मोजतात: नऊ हजार मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. आपल्याकडे सुताचा काउंट माहीत असलेली माणसं इथं फसतात, कारण सुतात आकडा वाढला की धागा बारीक, डेनियरमध्ये आकडा वाढला की जाड. मरळीच्या फ्लायला १४० डेनियर लागतो, निम्फला ७० बरा. दादांनी दोन बॉबिन घेतले: एकावर काळा १४०, दुसऱ्यावर शेवाळी ७०. बॉबिन म्हणजे दोऱ्याची रीळ धरणारं नळीचं साधन. दोरे बदलायची भानगड नको म्हणून दोन्ही आधीच ओवून ठेवले आणि नळीच्या तोंडात जुन्या बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा खुपसला, म्हणजे दोरा आत ओढला जात नाही.

बाकी हत्यारं शाळेच्या कंपास पेटीत बसली. एक बारीक टोकाची कात्री, एक नेलकटर तार आणि नायलॉन कापायला, एक सुई बाटलीच्या बुचात खोचलेली, एक छोटा चिमटा पीस गुंडाळताना धरायला, एक पक्कड. पक्कड गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकायला लागते आणि बोटात गळ घुसला तर तीच कामाला येते. शेवटची गाठ मारायचं वेगळं यंत्र दादांनी काढून टाकलं, बॉलपेनचं पुढचं टोक उघडून तेच वापरलं. त्याच्या भोकातून गळाचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचं कडं, आत जातं आणि गाठ सरळ बसते. मणी आणि बारीक गळ होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत.

वाइसची बैठक घरी ठेवली, खाली स्क्रूनं आवळायचा शिकंजा घेतला. पण शेतात टेबल कुठून आणायचं? दादांनी प्लायवूडची एक फळी कापली, फूटभर लांब, बारा मिलिमीटर जाड. एका टोकावर बसायचं, दुसऱ्या टोकाला वाइस आवळायचा. बाजेवर, धुऱ्यावर, पारावर कुठंही चालते. बाजेच्या दांडीलाच वाइस लावून बघितला होता, पण बाज हलते तसा गळही हलतो.

सामान कुठून आलं, आणि काय नेलं नाही

यातलं निम्मं सामान भुसावळच्या बाजारातच मिळालं. लोकर आणि जरीची तार कटलरीच्या दुकानातून. निम्फच्या अंगावर जरी फिरवली की किड्याचे कडे दिसतात. फोमची दोन मिलिमीटरची शीट स्टेशनरीतून. डोळ्यांसाठी पंख्याच्या साखळीतले मणी, दोन-दोन कापून. बकरीचे केस खाटकाकडून, कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडून.

पिसं-केस आणले की साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचे, पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे, बाहेर काढून पुन्हा एकदा ठेवायचे. पिसं खाणाऱ्या किड्यांची अंडी आणि अळ्या अशा मरतात. डांबराच्या गोळ्या संचात टाकू नयेत. त्यांच्या वाफेनं स्वस्त प्लास्टिकच्या डब्या चिकट होतात, फोम खराब होतो आणि फ्लायला तो वास लागतो.

आता जे नेलं नाही त्याबद्दल. परदेशी नमुन्यांत मोराच्या पिसाचे तंतू पदोपदी लागतात. इंग्रजांच्या जुन्या सॅमन-फ्लायमध्ये आपल्याच राखी रानकोंबड्याच्या मानेची चमकदार पिसं असत आणि त्यासाठी हे पक्षी मारले जात. दोन्ही पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मोराच्या गळून पडलेल्या शेपटीच्या पिसाला कायद्यात जागा आहे, पण रस्त्यात कोणी पिशवी उघडली तर पीस गळालेलं की उपटलेलं हे पटवत कोण बसणार? शेवाळी लोकर आणि जरीनं तेच काम होतं. बकटेल म्हणून विकत मिळतात ते केस अमेरिकेतल्या हरणाचे. आपल्या चितळ-सांबराचे केस कुणी "घ्या, घरात पडून आहेत" म्हणून दिले तरी हात लावायचा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी जाणाऱ्या माणसानं तर याबाबत फार काटेकोर असावं.

गोंदावर आमचा बराच वेळ गेला. फ्लायचं डोकं, म्हणजे दोऱ्याचे शेवटचे वेढे, पक्कं करायला वापरतात तो पातळ वार्निशसारखा द्रव उन्हात घट्ट होतो आणि पेट घेतो, तो बाद. टॉर्चच्या अतिनील प्रकाशात वाळणारं रेझिन झकास असतं, पण ते उन्हातही वाळतं. उघड्यावर बसून बांधताना थेंब लावायच्या आत घट्ट, आणि बाटलीचं तोंडही बंद. चैत्राच्या तोंडावर खानदेशात सावली शोधत रेझिन वापरायचं म्हणजे छळच. म्हणून सुपर ग्लूच्या तीन ग्रॅमच्या दोन नळ्या घेतल्या. एक वरच्या खणात, दुसरी ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या कॅनशेजारी.

आता भरणं. प्रत्येक नमुन्याची एक झिप-पिशवी. तिच्यात सहा फ्लायना पुरतील एवढे गळ मोजून, डोळे मोजून, केसांच्या सहा चिमट्या कागदाच्या पट्टीत, फोम कापूनच. पिशवी उघडली की दुसरीकडे हात घालायला लागू नये. मरळीसाठी १/० मापाचे गळ, क्लाउझरला ४, बगरला ८, निम्फला १२. या मापांत आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि एकच्या वर गेलं की १/०, २/० असा पुन्हा मोठा होत जातो.

पाचव्या पिशवीवरून आमचं वाजलं. मला एक मोकळी पिशवी हवी होती: कुठल्याच नमुन्याची नसलेली लाल, केशरी, पिवळी लोकर, फोमची उरलेली पट्टी, चार पिसं, काही गळ. दादा म्हणाले, "पुन्हा तेच थोडं थोडं सुरू झालं का?" मी म्हटलं, चार पिशव्या पुऱ्या आहेत म्हणूनच पाचवी मोकळी चालेल. शेवटी ती गेली, चपटी करून, फळीच्या खाली. फळीसकट सगळं घरच्या वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा दीड किलोच्या आत होतं.

पाण्यावर

चांगदेवला पहाटे पोचलो. काठचं पाणी उतरलेलं, कडेला गवत आणि पाणवेल. नाव ओढून बसलेले एक वयस्क मच्छीमार होते, त्यांनी दादांची फ्लाय हातात घेऊन फिरवून पाहिली आणि म्हणाले, "आठे मरळ शे भाऊ, पन गवतमा बठेल ऱ्हास." गवतात बसलेल्या मरळीवर फ्लाय टाकायची तर गळापुढे नायलॉनचा आडोसा लागतो, नाहीतर प्रत्येक वेळी मासा यायच्या आधी गवतच येतं. दादांनी घरून बांधून आणलेल्या गर्गलरला तो आडोसा होता, पण बारीक नायलॉनचा. दाट गवतात तो वाकून गळाला चिकटत होता. मरळ दोनदा उसळली आणि दोन्ही वेळा गवताचा पुंजका हाती आला.

संचाचा पहिला खरा उपयोग तिथं झाला. जाड नायलॉन सामानात नव्हतं. दादांनी आपल्या लीडरचा, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांच्यामधल्या नायलॉनचा, जाड बाजूचा वीतभर तुकडा नेलकटरनं तोडला. ती बाजू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पारावर फळी टाकून नवा गर्गलर बांधला, आडोसा त्या तुकड्याचा. ते वयस्क मच्छीमार शेजारी बसून बघत होते. दोरा गळाभोवती फिरतो तेव्हा तो सैल पडू नये म्हणून बॉबिन लोंबकळत कसा ठेवतात हे त्यांनी बरोबर हेरलं, जाळं विणणाऱ्या माणसाला ताण समजतोच. त्या फ्लायवर उन्हं चढायच्या आत एक मरळ लागली, हातभर लांब. सोडली.

दहानंतर वारा सुटला आणि बांधणं संपलं. उघड्यावर बकरीचे केस बोटात धरता येत नव्हते, मऊ पिसाचा तर पत्ताच लागत नव्हता. शेतातल्या पंपाच्या खोलीत दार लोटून बसलो तेव्हा जमलं, पण आत उकाडा असा की घामानं दोरा बोटांना चिकटत होता. सफरीत बांधायच्या वेळा दोनच, पहाटे आणि दिवेलागणीला. रात्री हेडटॉर्च लावून बसलं की किडे तोंडावर येतात. दुसरा दिवा दहा पावलांवर ठेवला की बरेचसे तिकडे जातात. वरच्या खणातली गोंदाची नळी दुपारपर्यंत तोंडाशी बंद झाली होती. ओल्या फडक्यातली शेवटपर्यंत चालली.

पाझर तलावावर गोष्ट वेगळीच निघाली. केळीच्या बागा संपून टेकड्या लागतात तिथं, सांडव्याच्या अलीकडे एक उंबर पाण्यावर झुकलेला. फळं पिकून पडत होती आणि पडल्या जागी पाणी ढवळत होतं. दादांनी निम्फ टाकली, बगर टाकली, मासे ढुंकून बघेनात. त्यांना फळ हवं होतं. गवत्या मासा वनस्पतीवर जगतो आणि पडलेल्या फळांवर तुटून पडतो. पाठ दिसत होती ती त्याचीच.

दादांनी न बोलता पाचवी पिशवी काढली. ८ मापाच्या गळावर फोमची बारीक पट्टी गुंडाळून गोळा केला, वरून लाल लोकर, मधेच केशरीचे दोन फेरे, गोंदाचा थेंब, मग कात्रीनं गोल छाटलं. आतला फोम तरंगवतो आणि भिजलेली लोकर खाली ओढते, त्यामुळे ते पाण्याच्या पृष्ठभागात अर्धं बुडून राहिलं, अगदी शेजारच्या उंबरासारखं. फेकण्यापेक्षा टाकणं महत्त्वाचं होतं. फांदीखाली, फळ पडतं तसं टप्पकन पडलं पाहिजे. पहिल्या फ्लायवर आलेला मासा मुळांत शिरून ती घेऊन गेला. दुसरी बांधायला गळ आणि लोकर दोन्ही होतं. तिच्यावर लागलेला गवत्या काठाशी आणायला बराच वेळ लागला. मापायच्या भरीस न पडता दादांनी त्याला पाण्यातच धरून गळ काढला. काटा आधीच दाबलेला होता, म्हणून तो सहज निघाला.

परतल्यावर काय बदललं

निम्फची पिशवी जवळजवळ तशीच परत आली. तिलापियाला बगरच पुरली. तिची जागा आता फळांच्या फ्लायनं घेतली आहे: फोम, लाल-केशरी लोकर, ८ चे गळ, सगळं मोजून. ७० डेनियरचा बॉबिन निघाला आणि त्याच्या जागी पांढरा १४० आला. जाड नायलॉनची छोटी गुंडी कंपास पेटीत कायमची बसली. होमिओपॅथीची एक रिकामी बाटली केसांची टोकं जुळवायला नेली होती, ती वापरलीच गेली नाही, बोटांनी भागलं. मोकळी पाचवी पिशवी राहिली, आणि तिच्यावरून आता वाद होत नाही.

पावसाळ्यासाठी वेगळी तयारी चालू आहे. तेव्हा अडचण उन्हाची नसते, ओलाव्याची असते. पाण्यातून काढलेली फ्लाय ओलीच डबीत टाकली की आठवड्यात शेजारच्या सगळ्या गळांना गंज चढतो. म्हणून वापरलेल्या फ्लाय टोचायला पिशवीच्या बाहेर फोमचा एक तुकडा शिवला आहे आणि डब्यांत बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत. सुपर ग्लू हवेतल्या ओलाव्यानंच आळतो, त्यामुळे नळी एकदा फोडली की त्याच सफरीत संपवायची असं ठरलं आहे. मरळ मात्र त्या दिवसांत पिल्लांची राखण करते, तेव्हा गर्गलरची पिशवी पावसाळाभर घरीच राहील.